बिनसामानाचं तिकीट

"उद्या सकाळी निघशील का?" सोराइदाने फोनवर विचारलं. "एक बाई ऐनवेळी गळाली. ओल्गीनची जागा रिकामी आहे. जवळजवळ फुकट पडेल तुला."

युस्लेदी हॉटेलातल्या चादरींच्या घड्या घालत होती. हातातली चादर तशीच राहिली. क्यूबातल्या ओल्गीनला तिची आई एकटी राहत होती. मायामीला आल्यापासून युस्लेदी एकदाही घरी गेली नव्हती. तिकिटाचे भाव बघायची आणि फोन खिशात ठेवायची.

"आणि अट?"

"अट नेहमीचीच. सीट तुझी, बॅग माझी. तुझं सामान खांद्यावरच्या पिशवीत मावेल तेवढंच. आणि बॅग उघडायची नाही, सांगून ठेवते."

सोराइदाचा धंदा सगळ्या वस्तीला ठाऊक होता. इकडचे लोक क्यूबातल्या नातलगांना ज्या वस्तू पाठवत, किंवा तिकडचे लोक पैसे भरून ज्या मागवत, त्या ती वजनावर घ्यायची, बॅगांत भरायची, आणि ज्याला स्वस्तात घरी जायचंय त्याच्या नावावर बॅग विमानात चढवायची. फुकट ते पौष्टिक, त्यामुळे कुणी कुरकुरत नसे.

युस्लेदीला घाई होती, त्याला कारणही तसंच होतं. हल्ली आई फोनवर तुटक बोलायची. "इतक्यात येऊ नकोस गं, इथे काय ठेवलंय?" म्हणायची. परवा बोलता बोलता दाराशी मोटारसायकल थांबली, कुणा पुरुषाचा आवाज आला आणि आईने घाईने फोन ठेवला.

"म्हातारपणी कुणी भेटला असेल," खोलीतली मैत्रीण दानाय हसली. "तुझ्या नशिबात नाही, तिच्या तरी असू दे."

"गप गं. न सांगता जाते आणि डोळ्यांनीच बघते."

आईसाठी तिने चार्जिंगचा पंखा घेतला. तिकडे तासन् तास वीज नसते, आणि आई पुठ्ठ्याने वारा घेत रात्र काढते, हे तिला सारखं टोचत असे. पण पंखा पिशवीत काही केल्या मावेना.

शेवटी विमानतळाबाहेर दानायच्या गाडीतच दोघींनी सोराइदाची बॅग उघडली. बूट, साबण, दुधाची भुकटी, सायकलचे सुटे भाग. सगळं चिकटपट्टीत गच्च गुंडाळलेलं, वर नुसते नंबर. वजनाला एक किलोचीही सवड नव्हती. काहीतरी काढायलाच हवं होतं. कोपऱ्यात टॉवेलात बांधलेलं एक पुडकं होतं. हाताला गार लागलं.

"चीज असणार," युस्लेदी म्हणाली. "तिथे पोरांना दूध मिळत नाही, आणि कुणाला तरी मायामीचं चीज हवंय. चोचले बघ."

"उघड की. आपणच खाऊ."

"छे! दुसऱ्याची वस्तू मी उघडत नाही. आणि घरी नेलीस तर ती चोरीच झाली."

तिने पुडकं न उघडताच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि त्या जागी पंखा ठेवला. मन जरा खात राहिलं तिला, नाही असं नाही. पण चीज मिळालं नाही म्हणून कुणी मरत नाही, असं ती स्वतःला म्हणाली.

ओल्गीनला जकातवाल्याने फक्त पंख्याबद्दल विचारलं. "आईसाठी," म्हटल्यावर त्यानेही सोडलं. बाहेर सोराइदाची माणसं गाडी घेऊन उभीच होती. युस्लेदीने पंखा काढून घेतला, बॅग त्यांच्या हवाली केली आणि घरची वाट धरली.

आईने, एनेइदाने, दार उघडलं. लेकीला बघून ती आधी दचकली, तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघितलं, आणि मग गळ्यात पडून रडली. फार वाळली होती. एका पायाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"चप्पल चावली गं."

"आणि शिलाई मशीन कुठे गेलं?"

"विकलं. डोळे कुठे चालतात आता?"

कॉफी आली ती कडू. रेशनला साखर आली नाही म्हणे. टेबलावर मात्र फडक्याखाली पातेलंभर बर्फ होता, मासेवाल्याकडून मागून आणलेला.

"वीज नाही, पाहुणे नाहीत, मग बर्फ कशाला?"

"असू दे गं," म्हणून आईने केस सारखे केले आणि पुन्हा दाराकडे नजर लावली.

युस्लेदीने पंखा लावला. आई डोळे मिटून त्याच्यासमोर बसली. "गुणाची गं माझी लेक," म्हणाली. युस्लेदीचा ऊर भरून आला. एवढ्यासाठीच तर आले, असं तिला वाटलं. तरी तो बर्फ डोळ्यांत खुपत होताच.

बाहेर मोटारसायकल थांबली. आई लंगडत, पण एखाद्या मुलीच्या लगबगीने उठली.

"कोण आहे तो, आई? खरं सांग."

"सांगणार नव्हते तुला. उगाच तिकडे काळजी करत बसली असतीस."

दारात हेल्मेट घातलेला एक तरुण होता. हात रिकामे.

"मावशी, आज आलेल्या सगळ्या बॅगा पालथ्या घातल्या," तो खाली मान घालून म्हणाला. "बाकी सगळं आलं, तुमचं इन्सुलिन तेवढं नाही. तिकडून टॉवेलात बांधून, गार ठेवून निघालं होतं म्हणतात. आता पुढची खेप महिन्यानेच."

तो गेला. एनेइदा चौकटीला धरत आत आली. मग तिने बर्फाचं पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं.

"कुणी घेतलं असेल गं, पोरी?" तिने विचारलं. "खायची वस्तूसुद्धा नव्हती ती."