एक गोळी, दोन नोंदी

‘सदर चाचणी काल्पनिक असून प्रत्यक्ष वापरकर्त्याचे बोट असे कधीही चालत नाही. केवळ एका कर्मचारी महिलेच्या हट्टापायी ॲपचे प्रकाशन नऊ दिवस रखडले.’ अंधेरीच्या कंपनीने घाटकोपरच्या रुग्णसेवा न्यासाला पाठवलेल्या अहवालात ही दोन वाक्ये ठळक अक्षरांत होती.

न्यासाने चौकशीसाठी नेमलेले सुबोध परुळेकर ती वाचून हसले नाहीत. मुलुंडच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला माणूस असे काही वाचून हसत नाही. तो मूळ कागद मागवतो.

ॲप वृद्ध रुग्णांसाठी होते. गोळी घेतली की पडद्यावर बोट टेकवायचे. मग ॲप पुढच्या गोळीची वेळ सांगणार. त्याची बांधणी आणि चाचणी करणारी साधने कंपनीने एका एआय सहाय्यकाला जोडून दिली होती. तो कोड लिहायचा, ॲप आभासी फोनवर चढवायचा, माणसासारखा पडद्यावर टिचक्या मारायचा आणि जे घडले ते लिहून ठेवायचा. चाचण्या कोणत्या घ्यायच्या, हे कंपनीतली द्रौपदी शेजवळ ठरवी. तिनेच ती बदनाम चाचणी घातली होती: थरथरत्या, वेड्यावाकड्या टिचक्यांची. त्या मारल्या की ॲप एका गोळीच्या दोन नोंदी करी आणि रुग्णाची पुढची गोळी गाळून टाकी.

सुबोधनी सहाय्यकाच्या नोंदी सलग वाचल्या. बासष्ट वेळा त्याने कोड दुरुस्त केला होता, चाचणी पुन्हा घेतली होती आणि बासष्ट वेळा एकाच शब्दांत लिहिले होते: ‘एक गोळी, दोन नोंदी. नापास.’ प्रकाशनाची तारीख टळून गेली तरी त्याची भाषा तसूभर मऊ झाली नव्हती. हा गुण सुबोधना विद्यापीठाच्या एकाही समितीत भेटला नव्हता. त्रेसष्टाव्या वेळी दोष सुटला. म्हणजे ज्याला कंपनी हट्ट म्हणत होती, त्याने खरा दोष बाहेर काढला होता.

राहिला ‘काल्पनिक’ हा शब्द. चाचणीत दोन टिचक्यांमधली अंतरे मिलिसेकंदांत दिली होती: ११७, ४३, २०९, ३८. रचून सांगणारा माणूस आकडेही नीटनेटके रचतो. कंपनीच्या अहवालातल्या सगळ्या टक्केवाऱ्या शून्यावर संपत होत्या. हे आकडे कोणी रचलेले नव्हते. ते कुठल्या तरी खऱ्या हाताचे होते.

पण कोणाच्या? इथे द्रौपदीने तोंड मिटले होते. कंपनीचा संचालक सिद्धेश तिरोडकर याचे म्हणणे आता सरळ होते: आकडे खरे असतील, तर एखाद्याच्या स्पर्शाची नोंद न विचारता वापरणे हा नियमभंग आहे. त्या माणसाची संमती आण, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. तेरा वर्षांची नोकरी पणाला लागली, तरी तिने नाव सांगितले नाही.

गुरुवारी सुबोध अंधेरीच्या कचेरीत गेले. एप्रिलमध्ये न्यासातर्फे ॲप पाहायला ते इथे येऊन गेले होते. चहा तेव्हाइतकाच वाईट होता.

“नाव सांगून टाक ना, यार,” सिद्धेश द्रौपदीला म्हणाला. “माझ्या नावावर बिल कशाला फाडतेस? चहावाल्या मावशींचा हात आहे का?”

“मावशींचा हात तुझ्यापेक्षा स्थिर आहे, सिद्धेश.”

सुबोधनी आवाज चढवला नाही. त्यांनी तिला थंडपणे सुनावले की ज्या हाताने शेकडो म्हाताऱ्यांची औषधे चुकू दिली नाहीत, त्याचे नाव दडवणे हा त्या माणसाचा अपमान आहे. वयापरत्वे हात थरथरतात. त्यात लपवण्यासारखे काय आहे? आणि आपल्यापायी एका बाईची नोकरी जातेय हे कळूनही जो पुढे येत नसेल, त्याची कीव करावी तेवढी थोडीच.

“त्यांना कळलेलंच नाहीये, सर,” द्रौपदी म्हणाली. “त्यांना दोष देऊ नका.”

“मग कळू द्या. लेखी द्या.”

मग तिने कागद ओढला, न थांबता लिहिले, घडी घालून त्यांच्यापुढे सरकवला.

“सर, मनात वाचा.”

“चौकशीत मनात काही वाचत नाहीत,” सुबोध म्हणाले. त्यांनी कागद टेबलावर सपाट केला, दोन्ही तळव्यांनी दाबून धरला आणि वर्गात वाचत तशा खणखणीत आवाजात शब्दन्‌शब्द वाचायला सुरुवात केली:

“‘आकडे मी न विचारता घेतले, ही चूक मला मान्य आहे. एप्रिलमध्ये ॲप पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात मी चाचणीचा फोन दिला. त्यांनी एक गोळी नोंदवली, नोंद दोनदा झाली. फोन बिघडलाय म्हणत त्यांनी तो परत केला आणि हात खिशात घातला. फोन ठीक होता. आपला हात कोणी पाहिला असं त्यांना वाटू नये, म्हणून मी आजवर गप्प राहिले. तो हात परुळेकर सरांचा आहे.’”