घरच्या माणसाने बोलायचं नाही

“कितीही थंडी असू दे, वहिनी झोपायच्या त्या पाय पांघरुणाबाहेर काढूनच,” आचारी म्हणाला आणि सगळा हॉल हसला. फक्त वायरलेसवाला हसला नाही. पहिल्या रांगेत बसून त्याने हातातली टोपी धुणं पिळावं तशी पिळली.

कारण वहिनी म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

माजी सैनिकांच्या या हॉलमध्ये सगळे वर्षातून एकदा जमत आणि त्या वर्षी गेलेल्यांची आठवण काढत. शिपाई गेला काय नि शिपायाची बायको गेली काय, मान दोघांना सारखाच. सगळ्यांनी उठून उभं राहायचं, मग कुणीतरी चार शब्द बोलायचे. अट एकच, घरच्या माणसाने बोलायचं नाही. “घरचा माणूस एक तर रडतो, नाहीतर थापा मारतो,” असं तिथला अध्यक्ष, म्हातारा बिगुलवाला, म्हणायचा. वायरलेसवाल्याला ही अट सोयीचीच होती. मोजक्या शब्दांत निरोप धाडण्यात त्याची नोकरी सरली होती, आणि घरीही तो कामापुरतंच बोले. चहा. येतो. दिवा घालव. बिगुलवालाच काहीतरी गुळमुळीत बोलून मोकळा होईल, असं तो धरून चालला होता. पण आचाऱ्याने हात वर केला, आणि हात वर केला तो केला, वर रंगात आला.

“राग आला ना, की वहिनी चकार शब्द बोलायच्या नाहीत. वेणी सोडायच्या आणि परत घालायच्या. वेणी जितकी घट्ट, तितका राग मोठा! शिवणयंत्राशी मात्र बोलायच्या. दोरा तुटला की त्याला विचारायच्या, ‘काय रे बाबा, आज काय बिनसलंय तुझं?’”

बायका डोळे पुसता पुसता हसल्या. वायरलेसवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवणयंत्राचं खरं होतं. वेणीचंही खरं होतं, आणि ते तो स्वतः पार विसरून गेला होता. आपल्या कपाटातली वस्तू परक्याच्या हातात दिसावी, तसं त्याला झालं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. आचाऱ्याने लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं? दर वर्षी इथेच, जेवणाच्या वेळी, ही बाई नवऱ्याची बाजू सोडून टेबलाच्या त्या टोकाला जायची, आचाऱ्याशेजारी. तो हातवारे करून काहीबाही सांगायचा आणि ती हसून हसून लाल व्हायची. घरी कधी अशी हसली नाही. “काय एवढं बोलत असता?” असं त्याने एकदा विचारलंही होतं. “असंच,” ती म्हणाली होती आणि घरी पोहोचेपर्यंत वाटभर गुणगुणत होती.

तेव्हा त्याने ते सोडून दिलं होतं. आता सोडवेना. गेलेल्या बाईला जाब विचारता येत नाही, पण हा तर समोर उभा होता. चांगला धडधाकट, नवा शर्ट घालून.

“आणि झोपेत हसायच्या,” आचारी सांगत होता. “मध्येच, खुदकन. सकाळी विचारलं तर कबूल नाही करायच्या.”

“बस!” वायरलेसवाला उठला. खुर्ची मागे कलंडली.

शेजारी बसलेल्या लेकीने बाही ओढली. “बाबा, बसा ना. सगळे बघताहेत.”

“बघू दे.” त्याचा आवाज चिरकला. “माझी बायको झोपेत हसायची, हे तुला कुणी सांगितलं रे?”

आचारी त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हाही तो चिडला नाही, त्याला नुसतं नवल वाटलं.

“तूच की,” तो म्हणाला.

“मी?”

“अरे, चौकीवर बर्फात अडकलो होतो तो हिवाळा विसरलास? तुझं यंत्र बंद पडलेलं, माझ्याकडे धड शिजवायला काही नाही. सगळे नुसते स्टोव्हभोवती बसून. नवीन लग्न झालेला तू एकटा. पाय, वेणी, शिवणयंत्र, झोपेतलं हसणं... ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालं, पण तुझं तोंड मिटेल तर शपथ! जळायचो आम्ही तुझ्यावर.”

बिगुलवाल्याने मान डोलावली.

लेकीने खुर्ची सरळ करून दिली, तसा वायरलेसवाला बसला. तो स्टोव्ह त्याला आठवला. स्टोव्हपाशी हात शेकत बडबडणारा तो तरुणही आठवला. कुठे गेला होता तो इतकी वर्षं? आता हेवा वाटला तो त्याचा.

“मग ती तुझ्याजवळ कशाला येऊन बसायची?” त्याने हळूच विचारलं. आता तो जाब विचारत नव्हता.

आचारी थोडा घुटमळला. “पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ‘भावोजी, हे तिकडे कधी माझं नाव तरी काढायचे का हो?’ मी सगळं सांगितलं, अगदी तू सांगायचास तसं. पुढच्या वर्षी परत आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. शेजारी बसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. ‘सांगा ना भावोजी, हे काय म्हणायचे?’”