उभ्या गाडीची बॅटरी

“बॅटरी आपणहून मेली नाही बाई, उपाशी ठेवून मारलीय तुम्ही तिला,” मिस्त्री गाडीच्या बॉनेटखालून डोकं बाहेर काढत म्हणाला.

बाई आपल्या बंगल्याच्या गॅरेजच्या दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. “मी? दर रविवारी न चुकता सुरू करते मी गाडी.”

“तिथंच तर घोडं पेंड खातंय. सुरू होताना ही एका दमात जेवढा करंट ओढते ना, तेवढा पाच-दहा मिनिटांत परत भरत नाही. वर गाडी उभी असली तरी तो अलार्म, ते घड्याळ रात्रंदिवस कुरतडत असतात ते वेगळंच.”

मिस्त्रीचा जन्म बॅटऱ्या उचलण्यात गेला होता. असल्या दोन सीटच्या, जमिनीला पोट घासत पळणाऱ्या गाड्या त्याच्या वाट्याला क्वचितच येत, आणि त्यांचे मालक केसांना तेलासारखं काहीतरी चोपडलेले, काळा चष्मा लावलेले असत. केस पिकलेली, सुती साडीतली बाई अशा गाडीसाठी जीव टाकते, हे तो पहिल्यांदाच बघत होता.

त्याने टेम्पोतून दोन बॅटऱ्या उतरवल्या. “ही हलकी. एका हाताने उचला. शर्यतीचे शौकीन हीच मागतात, गाडीचं वजन घटतं. पण लाड फार, चार्जरसुद्धा तिला वेगळाच लागतो. ही दुसरी धोंड्यासारखी जड आहे, पण सीलबंद. पाणी घालायला नको, सांडायची भीती नाही, आणि खाचेत मापात बसते.”

“हमखास सुरू होईल ती द्या. वेगाचं मला काही कौतुक नाही.”

मिस्त्रीने जड बॅटरी निवडली. क्लॅम्पवर चढलेला हिरवट पांढरा थर त्याने गरम पाणी आणि सोड्याने घासून काढला, पुसून कोरडा केला, वरून व्हॅसलिनचं बोट फिरवलं. “हे एवढं अधूनमधून करत जा. आणि बॅटरी हलता कामा नये, पट्टा आवळूनच ठेवायचा.”

पट्टा आवळताना त्याला डाव्या दाराचा लाल रंग बाकीच्या गाडीपेक्षा जरा ताजा दिसला.

“घासली होती का कुठं?”

“लागली होती,” बाई म्हणाल्या. “सगळे म्हणाले विकून टाका. मी नाही विकू दिली. होती तशी करून घेतली. पुढे ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. वरच्या खोलीत असतात. त्यांच्यासाठीच चाललंय हो हे सगळं. आवाज बरोब्बर ओळखतात.”

मिस्त्रीला भरून आलं. नाहीतर आमची, त्याच्या मनात आलं. पाठ धरली म्हणून सांगावं, तर मान वर न करता म्हणते, बाम कपाटात आहे.

“मुलंबाळं?” त्याने विचारलं.

“एक मुलगी. ती ह्याच गाडीतून गेली. बाबांनीच नेली.”

“माझीही गेली मागच्या वर्षी.”

बाईंच्या हाताची घडी सुटली. त्या दोन पावलं पुढे आल्या. “तुमचीही?”

“हो ना. जावई भला माणूस आहे, तक्रार नाही. पण घर खायला उठतं.”

बाई होत्या तिथंच थांबल्या. “असं होय,” म्हणाल्या, आणि पुन्हा हाताची घडी घातली.

मिस्त्रीने खोक्यातून छोटा चार्जर काढला. “हा भिंतीत लावून गाडीला जोडून ठेवा. भरली की थांबतो, उतरली की परत भरतो. मग दर रविवारी सुरू करायची कटकट नको.”

“सुरू तर करायचीच आहे.”

“अहो, पण गरजच नाही.”

“आवाज यायला हवा,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“मग निदान जरा लांब चक्कर मारून आणा.”

“मला चालवता येत नाही. किल्ली फिरवते आणि पाय देते, तेवढंच.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोघांनी गाडी ढकलून बाहेर फरशीवर, वरच्या खोलीच्या खिडकीखाली आणली.

“वर जाऊन सांगा त्यांना, गाडी झाली म्हणून,” बाई आत बसत म्हणाल्या. “तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

वरची खोली लख्ख होती. साहेब उघड्या खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते. दाढी नुकती केलेली, नखं कापलेली, शर्टाला इस्त्री. इतकी निगा मिस्त्रीने इस्पितळातही पाहिली नव्हती.

“साहेब, गाडी तयार. आणि लहान तोंडी मोठा घास घेतो, नशीब काढलंत. अशी बायको दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.”

साहेबांचं अर्धं तोंड हललं, अर्धं तसंच राहिलं. तेवढ्यात खाली इंजिन डरकाळलं. तावदानं थरथरली. साहेबांच्या चालत्या हाताने मिस्त्रीचं मनगट पकडलं. एवढा जोर त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं.

“बॅटरी,” ते म्हणाले. एकेक अक्षर ओढून काढावं लागत होतं. “काढून... ने.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिस्त्री घाबरला. खिडकीतून वाकून ओरडला, “बाई, थांबवा! साहेबांना सोसवत नाहीये, थांबवा म्हणतायत!”

बाईंनी दारातून मान बाहेर काढून वर पाहिलं. पाय आणखी दाबला.

“मरायच्या आधी लेकही हेच ओरडत होती, बाबा, थांबवा!” त्या इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. “मला फोनवर ऐकू आलं. शेजारी बसून ह्यांना नाही आलं.”