अडखळणारा अध्याय

स्पीकरमधून येणारा साकेतचा आवाज पुन्हा अडखळला. एकच अक्षर तीन-चारदा कापलं आणि वाचन एकदम पुढच्या ओवीवर जाऊन पडलं.

नीलाताईंनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. मधला अख्खा चरण गेला होता. पण पोथी चालू असताना मौन, हा त्यांचा नेम. अध्याय संपेस्तोवर त्या हात जोडून बसून राहिल्या.

मधुकररावांनी कॉम्प्युटर बंद केला, तशी त्या म्हणाल्या, "अहो, आजही शब्द गळले. असं वाचन देवाच्या पायाशी कसं पोचायचं?"

"त्याच्याकडचं नेट कच्चं आहे गं. आणि देवाला कळतात गळलेले शब्द."

"देवाला कळतात. मला नाही कळत, आणि नेम मी धरलाय."

नेम साकेतसाठीच होता. तिकडे कॅनडात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा इकडे नीलाताईंच्या डोळ्याचं नुकतंच झालेलं. विमानात बसायची मनाई. मधुकरराव एकटेच जाऊन आले. नीलाताईंनी देवापुढे नारळ ठेवला, लेक ठणठणीत होईपर्यंत रोज एक अध्याय ऐकेन, तोही त्याच्याच तोंडून. इकडे सकाळ व्हायची तेव्हा तिकडे रात्र. डॉक्टरांनी साकेतला जास्त बोलू नको म्हणून बजावलेलं, त्यामुळे होता तेवढा दम तो पोथीला द्यायचा. बाकीची विचारपूस मेसेजवर. ते मेसेज मधुकरराव वाचून दाखवायचे.

पुढच्या आठवड्यात त्याचं दुसरं ऑपरेशन होतं. त्याआधी एकही अध्याय तुटका जाऊ नये, एवढंच नीलाताईंचं मागणं होतं.

"आणि त्याला सांगा, जवळ पाणी ठेवून बस म्हणावं. सातव्या अध्यायात दर वेळी त्याच ओवीला ठसका लागतो त्याला."

"सांगतो."

"कॉम्प्युटर दाखवू या का कुणाला?"

"काही नको!" मधुकरराव एकदम म्हणाले. मग आवाज खाली आणून, "जुना झालाय तो. कुणीतरी येईल आणि भलतंच काही पुसून ठेवील. वाजतोय तेवढा वाजू दे."

नवऱ्यापासून काही लपवायची नीलाताईंना सवय नव्हती. पण दुपारी ते झोपलेले असताना त्यांनी दर्शनाला फोन लावलाच. दर्शना बाळकुमची. खोपटला एसटी डेपोसमोर तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"काकू, कॉम्प्युटरचा डबा पाठवून द्या ना दुकानात. बघते मी."

"नको गं, ह्यांना कळायला नको. सकाळी पोथी लागते तेव्हाच आवाज अडखळतो. हे पोथी लावून देतात आणि फुलपुडी आणायला जातात. तेव्हा ये. पण एक सांगते, पोथी चालू असताना मी बोलणार नाही हं."

"बेस्टच की! म्हणजे मी काय पण करू, तुम्ही ओरडणार नाय."

नीलाताई हसल्या. "कर बाई काय ते. एकेक अक्षर नीट ऐकू आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी नेहमीप्रमाणे साकेतला जोडून दिलं, नीलाताईंच्या डोळ्यांना उजेड नको म्हणून स्क्रीन बंद केली आणि पिशवी घेऊन ते बाहेर पडले. पाचएक मिनिटांत लोटलेलं दार ढकलून दर्शना आत आली. नीलाताईंनी मान हलवूनच तिला ये म्हटलं.

साकेत वाचत होता. दोन ओव्या सरळ, तिसरीला ठेच.

"ऐकलं, ऐकलं," दर्शना हळूच म्हणाली. तिने स्पीकरची पिन काढून पुसली आणि परत लावली. फरक नाही. मग स्वतःचा हेडफोन लावून पाहिला. "स्पीकर ओके हाय, काकू. गडबड आत हाय." तिने स्क्रीन चालू केली, पेनड्राइव्ह खोचला आणि थोडा वेळ बघत राहिली. "अरे देवा! हा कॉम्प्युटर म्हणजे आमच्या सासूबाई. एका वेळी दोन कामं सांगितली की अडून बसतो."

नीलाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओठांतच दाबलं.

"हां, सापडला चोर. थांबा हं."

दर्शना टेबलाखाली वाकली. नेटची निळी वायर तिच्या हातात आलेली नीलाताईंना अंधुक दिसली. त्या दचकल्या. वायर निघाली तर साकेत तुटणार, अध्याय अर्ध्यावर राहणार! त्यांनी नको नको म्हणून जोरजोरात हात हलवला.

दर्शनाची त्यांच्याकडे पाठ होती. तिने वायर उपसली.

साकेतचा आवाज थांबला नाही. उलट स्वच्छ झाला. एकामागून एक ओवी येत राहिली, तो शेजारी बसून वाचत असल्यासारखी.

"बघा!" दर्शना वायर हातात धरून उभी राहिली. "नेटचं कार्ड सारखं मध्ये मध्ये करत होतं, म्हणून आवाज तुटायचा. रेकॉर्डिंग ऐकायला नेट कशाला लागतंय? उद्यापासून वायर काढूनच ठेवा." तिने स्क्रीनकडे पाहिलं. "सगळे अध्याय हायत की इथे ओळीने. वाचलंय पण काय गोड! कोण हाय हो?"

नीलाताईंचा हात हवेत तसाच राहिला.

दार वाजलं. मधुकरराव आत आले. त्यांनी दर्शनाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या वायरकडे पाहिलं. रागावतील असं दर्शनाला वाटलं, पण ते भिंतीचा आधार घेत खाली बसले.

साकेत वाचत होता. आता एक अक्षरही गळत नव्हतं.

अध्याय संपला नव्हता, तरी नीलाताईंनी तोंड उघडलं.

"कधी गेला हो माझा साकेत?"