डावा हात

तपासणीला आलेल्या पाटसकर साहेबांनी फळ्यावरचं वाक्य वाचलं, 'मदर पुट द टिफिन इन द बॅग इन द मॉर्निंग', आणि विचारलं, "यातला अ‍ॅडजंक्ट, म्हणजे गाळला तरी चालेल असा भाग, कोणता?"

सगळ्या वर्गाचे हात वर झाले. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांना दिसलं, पहिल्या बाकावरच्या दोघींचे हात तेवढे डावे होते. येतं त्यांनी उजवा वर करायचा, येत नाही त्यांनी डावा. मास्तर लोकांची ही युक्ती त्यांना पाठ होती.

"तू सांग," त्यांनी दोघींतल्या एकीला मुद्दाम उठवलं. मास्तरांचा चेहरा पडला.

मुलीने फळ्याशी जाऊन शेवटच्या तीन शब्दांवर तळवा ठेवला. "हे झाकलं तरी वाक्य चालतं. पण 'इन द बॅग' झाकलं, तर डबा ठेवला कुठे, असं कुणीही विचारणार."

मास्तरांनी युक्ती उलटी तर केली नाही? "येतंय की! मग डावा कशाला?" साहेब गुरकावले.

तिने बाकाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मुक्ताला येत नाही, साहेब. तिचा एकटीचाच डावा दिसला असता."