गुलाबपाणी

ऐन थंडीत दोघी जावांचं बिनसलं आणि एका घरात राहून बोलणं बंद झालं. गच्चीतल्या गुलाबाला आळीपाळीने पाणी घालायची पद्धतही मोडली.

उन्हं वाढली तशी बाकीच्या कुंड्यांना पालवी फुटली, गुलाब मात्र काळा पडला. सासूबाईंनी माळ्याला बोलावलं. त्याने कुंडी उपडी केली.

"मुळं पार कुजलीत. थंडीत एवढं पाणी कोण घालत होतं?"

"मी!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावरचा राग त्याच्यावर काढाल," धाकटी पुटपुटली.

"आणि मला वाटलं, तू काढशील!" थोरली म्हणाली. दोघींना हसू आवरेना.



त्या हशात सासूबाईंनी आपली झारी हळूच पिंपामागे सरकवली.