खोक्यावरचं वाक्य

"ही आत गेली की फुलते, काकू," अंबरीशनं टेबलावर गोळी उभी केली. "कमळासारख्या पाकळ्या होतात. आणि आरपार जात नाही. सगळा जोर आतल्या आत."

इंदूकाकूंनी चष्मा नीट केला, गोळी चिमटीत धरली आणि खिडकीच्या उजेडात नेली. तांब्याचं अंग, टोकाला निळं प्लास्टिक. कानात घालावी इतकी देखणी होती.

"या पाकळ्या तुटतात?"

"एखाददुसरी. पण ते उलट चांगलंच. तुकडे चहूकडे पसरतात."

"म्हणजे शोधायला वेळ लागणार."

"शोधायची वेळच येत नाही. जनावर जागच्या जागी बसतं."

काकूंनी गोळी पुन्हा टेबलावर ठेवली, तीही आडवी.

झाशीजवळच्या बिजौलीत, काडतुसांच्या कारखान्यात अंबरीश इतकी वर्षं पॅकिंगमध्ये होता. मालकांनी ही 'अमोघ' गोळी काढली तेव्हा त्यानं आपण होऊन जाहिरातीचं काम अंगावर घेतलं. शिकार कायद्यानं बंद. पिकात घुसणाऱ्या नीलगाईवर परवानगी काढून कुणी बार टाकला तर तेवढाच. तरी त्यानं खोक्यावर ऐटबाज काळवीट छापून घेतलं, कारण गिऱ्हाईक काळवीट बघूनच खिशात हात घालतं. निळं टोकही त्याच्याच डोक्यातून निघालेलं. नेम सुधारण्याशी त्या निळ्या रंगाचा काडीचा संबंध नव्हता, काचेच्या कपाटात उठून दिसायचं एवढंच.

एवढं करूनही माल हलेना. मालकांनी परवा स्पष्ट सांगितलं, "हा हंगाम बघ, नाहीतर परत पॅकिंगमध्ये." घरी बायकोला, प्रियाला, त्यानं आपल्या नव्या हुद्द्याच्या इतक्या बढाया मारल्या होत्या, की आता परत पॅकिंगमध्ये जायचं म्हणजे तोंड लपवायला जागा उरली नसती.

बडा बाजारातल्या बंदूकवाल्या परिहारजींनी मग त्याला ही वाट दाखवली. "भैया, डिब्बे पर हिरन छापने से कुछ नहीं होगा. पीछे की गली में इंदू जिज्जी रहती हैं, उनसे एक लाइन लिखवा लो. झाँसी में जितनी गोलियाँ उन्होंने देखी हैं, उतनी किसी ने नहीं देखीं." हे सांगताना परिहारजी मिशीतल्या मिशीत हसले होते. बाईमाणूस आणि शिकार, म्हणून हसत असतील, असं अंबरीशला वाटलं.

पण परिहारजी खोटं बोलले नव्हते. समोरच्या कपाटात काचेची बरणी होती आणि तिच्यात कापसावर गोळ्या मांडलेल्या होत्या. चेपलेल्या, वाकलेल्या, फाटलेल्या. सगळ्या कामी आलेल्या, हे त्याच्या नजरेनं लगेच हेरलं.

"या सगळ्या तुमच्या हातच्या?"

"हो. पुष्कळ होत्या. बाकीच्या नेल्या लोकांनी. ज्यांना कुणी विचारायला आलं नाही, तेवढ्या राहिल्या."

खाली गल्लीत वरातीच्या बँडवाल्यांची तालीम सुरू झाली. एक सनईवाला तोच तो सूर घोटत बसला होता.

"आता सीझन तोंडावर आला," काकू म्हणाल्या.

"तेच तर," अंबरीशनं मान डोलावली. शेतात मटार भरला होता, नीलगाईंचे कळप उतरणारच होते. "म्हणून घाई करतोय."

काकूंनी त्याचं कार्ड उचललं, आडनाव वाचलं आणि त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "गुरसरायचा तू? देविकाचा मुलगा?"

"आईला ओळखता?" त्याला बरं वाटलं. ओळख निघाली की काम होतं.

"एकदाच भेटले. तुझ्या मामाचं लग्न होतं, त्या दिवशी."

"अरे वा. त्याच लग्नात, वरातीत हौसेचे बार उडत होते तेव्हा, मी मांडवाच्या बांबूवर पडलो होतो. चार वर्षांचा असेन. डावा खांदा अजून थंडीत ठणकतो."

"बांबूवर? कोण म्हणालं?"

"आईच सांगते की."

"असं," काकू म्हणाल्या आणि उठल्या. कपाटातल्या बरणीमागून त्यांनी एक छोटी बाटली काढली. तिच्यात एकच गोळी होती. साधी शिशाची, बोथट, काळपट पडलेली. "मला विचारशील तर मला ही आवडते."

अंबरीशला हसू आवरेना. "काकू, ही तर रिव्हॉल्व्हरची. जुनापुराणा माल. ना फुलते, ना काही."

"हो. पण एका तुकड्यात राहते."

"रिव्हॉल्व्हरनं म्हणजे अगदी जवळून."

"जवळूनच लागली होती."

जखमी डुकराला जवळ जाऊन गार केलेलं दिसतंय, अंबरीशनं मनाशी जुळवलं. त्या किरकोळ बाईंबद्दलचा त्याचा आदर वाढला.

"एक फोटो घेऊ या," तो म्हणाला. "तुमची रायफल हातात घेऊन. खोक्यावर छापतो."

"रायफल नाही माझ्याकडे."

"विकलीत?"

"नव्हतीच कधी."

मोठी माणसं आपला मोठेपणा असाच झाकतात, हे त्याला ठाऊक होतं. "बरं, फोटो राहू द्या. वाक्य तरी द्या. तुमच्या एका वाक्यावर माझं सगळं अडलंय, खोटं नाही सांगत."

काकूंना त्याची दया आली असावी. त्या खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. "देते. घे लिहून."

त्यानं मोबाइल काढला. काकू सावकाश, शब्द सुटे करून सांगू लागल्या.

"गोळी अशी असावी, की चार वर्षांच्या मुलाच्या खांद्यातूनसुद्धा ती अख्खी काढता आली पाहिजे."

अंबरीशचं बोट थांबलं.

"खाली माझं नाव घाल. निवृत्त सर्जन, सरकारी इस्पितळ." त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि ती काळपट गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. "आणि ही घेऊन जा. तुझीच आहे."